जिवंत माणसांचं सुतक

तृप्तीच्या घरात दीड वर्षात इतकी माणसं मेली, की लोकांनी म्हणावं या घरावर कुणीतरी करणी केली आहे. चोपड्याचे चुलत मामा गेले. अमळनेरची मावशी गेली, तिच्यामागोमाग तिचे सासरे गेले. वडिलांचा एक आतेभाऊ तर घाईघाईत दोनदा गेला, एकदा पावसाळ्यात आणि एकदा दिवाळीनंतर. खरी गोष्ट अशी की ही सगळी माणसं धडधाकट होती, दोन वेळा जेवत होती, आणि बऱ्हाणपूरच्या एका शाळेत आपण मेलेलो आहोत याचा त्यांना पत्ताही नव्हता.

मारणारे होते तृप्तीचे वडील, नंदकुमार. माणूस तसा गरीब. शनवाऱ्यात त्यांचं चादरी-टॉवेलांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने ढीगभर चादरी उलगडून एकही घेतली नाही तरी हसत हसत घड्या घालणारा हा माणूस. पण मुलीच्या शाळेतून फोन आला की त्याच्या अंगात यम संचारायचा. "काय सांगू मॅडम, घरात गमी झाली," असं म्हणायचा आणि एक नातेवाईक उचलायचा.

कारण तृप्तीला थॅलेसेमिया होता. अंगातलं रक्त टिकत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी बाहेरून रक्त चढवायचं; ती रांगत होती तेव्हापासून हे चालू होतं. त्यात तिचा काही गुन्हा नव्हता, आईबापांचाही नव्हता. पण राजपुऱ्यातल्या त्या घरात आजाराचं नाव कुणी तोंडातून काढत नसे. पाहुण्यांसमोर 'जरा अशक्तपणा आहे' म्हणायचं, आणि पाहुणे गेले की दार लावून, चढवलेल्या रक्ताने अंगात साठणारं लोह काढायची गोळी पाण्यात विरघळवायची.

याहून संतापजनक गोष्ट पुढेच आहे. रक्त चढवायची सोय बऱ्हाणपुरात होती. घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. सकाळी लवकर गेलं तर दुपारपर्यंत मोकळं होता आलं असतं. पण तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर? म्हणून नंदकुमार मुलीला घेऊन जळगावला जायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! एक दिवस जायचं, रक्ताचा नमुना द्यायचा, रात्री मित्राकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी रक्त, रात्रीच्या गाडीने परत. तिसऱ्या दिवशी तृप्ती अंथरुणात. आणि त्या गाडीला वाटेत रावेर लागायचं. रावेर हे तृप्तीच्या मोठ्या बहिणीचं, वैशालीचं, होणारं सासर. स्टेशन जवळ आलं की पप्पा खालच्या आवाजात म्हणायचे, "स्कार्फ वर घे." मग तृप्ती डोळ्यांखेरीज सगळं तोंड गुंडाळायची, आणि गाडी हलेपर्यंत बाप-लेक चोरासारखे मान खाली घालून बसायचे.

"आपण काय चोरलंय, पप्पा?" एकदा तिने विचारलं होतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," पप्पा म्हणाले होते. या म्हणीवर त्यांचा सगळा संसार चालला होता.

लहानपणी 'पोरीची जात आहे' म्हणून लपवलं. मग 'वैशालीचं जमायचं आहे' म्हणून लपवलं. आता समाधान नावाच्या मुलाशी साखरपुडा झाला होता, तर 'जमलेलं मोडेल' म्हणून लपवत होते. जळगावच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की मोठीची आणि होणाऱ्या जावयाची लग्नाआधी रक्ततपासणी करून घ्या, नाहीतर हाच आजार पुढच्या पिढीत जाईल. नंदकुमारांनी मान हलवली होती आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता ते विसरूनही गेले होते.

या सगळ्याची किंमत तृप्ती हजेरीत मोजत होती. ती बारावीला होती, बायोलॉजी घेऊन. तिला पुढे रक्ताच्याच प्रयोगशाळेत काम करायचं होतं. इतकी वर्षं दुसऱ्याचं रक्त घेतलं, आता ते तपासणारी तरी होऊ, असं ती स्वतःशी म्हणायची. डिसेंबर लागला आणि वर्गशिक्षिका ज्योत्स्ना मॅडमनी तिला बाजूला बोलावलं.

"बेटा, तुझी अटेंडन्स फार खाली गेली. पंचाहत्तर टक्के पाहिजेत, नाहीतर प्रिन्सिपल सर परीक्षेला बसू देणार नाहीत. बीमारीचा कागद असला तर सूट मिळते. मामा-मावशीच्या मरणाची सूट नाही मिळत."

मॅडम हे बोलताना खिडकीबाहेर पाहत होत्या. तृप्तीच्या जिभेवर सगळं आलं होतं. ती गिळून घरी आली आणि घरात पाय ठेवताच म्हणाली, "पप्पा, सर्टिफिकेट द्या. डॉक्टर एका मिनिटात देतील."

"लग्न झालं की मी स्वतः जाऊन सांगतो."

"लग्न वैशाखात आहे. परीक्षा फेब्रुवारीत."

"तुला माहीत नाही. शाळेतला तो तुषार बाबू आहे ना, त्याची बहीण रावेरला दिली आहे. कागद त्याच्या टेबलावर गेला की संध्याकाळी रावेरला पोचला समज."

"मग मी काय करू?"

"प्रायव्हेट फॉर्म भरू. त्यात काय?"

"आणि प्रॅक्टिकल? ते काय दुकानात बसून देऊ, चादरींवर?"

आई, मंगला, मध्ये पडली. "असं उलटं नको ना बोलू पप्पांशी. ते काय तुझे दुश्मन आहेत?"

दुश्मन नव्हते, हीच तर अडचण होती. दुश्मन असते तर भांडून मोकळं होता आलं असतं. स्टेशनवर तिच्यासाठी संत्री सोलून देणाऱ्या, रक्त चढत असताना तिचे पाय दाबणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? तृप्तीने दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

आणि मग व्हायचं तेच झालं. पुढच्या खेपेला जळगावला गेली ती तापाने फणफणली. कुठलातरी संसर्ग झाला होता. डॉक्टरांनी घरी सोडलंच नाही, आठवडाभर ठेवून घेतलं. हाताला सलाइन, खालीवर होणारा ताप, आणि डोक्यात एकच भुंगा: आठ दिवस, अजून आठ दिवस गेले. तिसऱ्या दिवशी शाळेचा फोन आला. नंदकुमार पलंगाच्या कडेला बसले होते. आतापर्यंतचे मामा-मावश्या दोन-तीन दिवस पुरायचे. आठ दिवसांना पुरेल असं मरण जवळचंच लागतं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "मॅडम, आमची आई गेली हो. गावी, निंबोल्याला. आम्ही सगळे तिकडेच आहोत."

तृप्ती उठून बसली. "पप्पा! आजीला?"

"तू झोप."

"सख्ख्या आईला मारलंत?"

"खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात," नंदकुमार म्हणाले. मग ते उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

आता एक गोष्ट त्यांच्या ध्यानात यायला हवी होती, आणि ती न यावी याचं आश्चर्य आहे. तापीकाठच्या माणसाला आयुष्यभर जे पाठ असतं तेच ते घाबरून विसरले. चोपड्याच्या चुलत मामासाठी कुणी येत नाही. पण वर्गातल्या मुलीची सख्खी आजी गेली म्हटल्यावर दारावर जावंच लागतं. दारावर जाणं म्हणजे गेलेल्याच्या दारी जाऊन बसणं, रडणं, घरच्यांना धीर देणं. लग्नाला नाही गेलं तर चालतं. दारावर नाही गेलं तर ते माणूस पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतं. आणि ज्योत्स्ना मॅडम याच मातीतल्या होत्या.

तृप्तीला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी चारच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली. आधी उतरल्या ज्योत्स्ना मॅडम, पांढऱ्या साडीत. मग उतरली शाळेची शिपाईण आशाबाई, तीही पांढऱ्या लुगड्यात. आणि त्या दोघींच्या मधून, काठी आपटत उतरली धुरपदाबाई. तृप्तीची आजी. सहा दिवसांपूर्वी वारलेली.

"नंद्या!" तिने उंबऱ्यातूनच हाक मारली. "काहून रे, मी मेली व्हती?"

नंदकुमार हिशेब करत बसले होते ते तसेच उभे राहिले. पेन खाली पडलं. मंगला स्वयंपाकघरातून आली, आणि सासूला पाहून तिने कपाळाला हात लावला.

"बोल ना! मी कवा मेली? मलेच माहीत नाही!" धुरपदाबाई आत येऊन खाटेवर बसली. तिचं तोंड लाल झालं होतं. "अरे मी शेंगा फोडत बसली व्हती. तं गल्लीच्या तोंडाशी बायकांचं रडनं ऐकू आलं. ही आशाबाई, हेल काढून काढून रडू राह्यली, आन् ते रडनं आपल्याच दाराकडे येऊ राह्यलं. म्या म्हनलं, आपल्या दारात रडतात म्हंजे आपल्यातलंच कोनी गेलं. मी बी बसली त्याहिच्यात. पदर तोंडाले लावला न् चांगली पोटभरून रडली. आता रडनाऱ्या बाईले मधातच कसं इचारावं, कोन गेलं म्हनून? ते बरं दिसत नाही. दम खाल्ला तवा इचारलं, कोन गेलं वो माय? तं म्हने, धुरपदाबाई. म्हनलं कोनती? म्हने, नंदूभाऊची माय."

ती थांबली. तिचे डोळे खरंच भरून आले.

"माह्याच मरनाले मी रडली रे नंदू!"

आशाबाईने तोंडावर पदर धरला होता; त्यामागे ती हसत होती की रडत होती कळत नव्हतं. ज्योत्स्ना मॅडम दाराशी अवघडून उभ्या होत्या. नंदकुमार पडलेलं पेन शोधत खाली वाकले. आता आलं सगळं बाहेर, तृप्तीला वाटलं. आतल्या खोलीच्या दारात ती चौकट धरून उभी होती, आणि तिला भीती नाही, चक्क आनंद झाला होता. आता पप्पांना सांगावंच लागेल.

पण मंगला नंदकुमारांपेक्षा हुशार होती.

"अहो आत्या, कावळा बसला होता ना!" ती एकदम म्हणाली. "तुमच्या डोक्यावर. परवा यांच्या स्वप्नात नाही का आलं... म्हणजे निंबोल्याहून निरोप आला होता, की तुमच्या डोक्यावर कावळा बसला. म्हणून म्हटलं, खोटी खबर पाठवू. अरिष्ट टळतं."

खोलीतला सगळा ताण सैल पडला. डोक्यावर कावळा बसणं म्हणजे मरणाची चाहूल. मग जवळच्यांना त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी पाठवायची. ते रडतात, आणि आलेलं मरण त्या रडण्यावरच समाधान मानून परत जातं. हे काही कुणाला समजावून सांगायला लागत नव्हतं.

"अहो मग सांगायचं ना!" ज्योत्स्ना मॅडम हसल्या, आणि पहिल्यांदाच खुर्चीवर टेकल्या. "माझ्या मामेसासऱ्यांच्या वेळी आम्हीही असंच केलं होतं. आणि बघा, अजून ठणठणीत आहेत."

धुरपदाबाईने मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या नातीकडे. तृप्तीच्या हाताच्या पाठीवर सुईची चिकटपट्टी अजून होती. म्हातारीची नजर त्या पट्टीवर थांबली. तिला काय समजायचं ते समजलं.

"हाव," ती सावकाश म्हणाली. "बसला व्हता मेला. इथंच, डोक्स्यावर."

तृप्तीला वाटलं, आजीसुद्धा! जिला मारलं तीसुद्धा मारणाऱ्याच्या बाजूची.

चहा आला. आशाबाईला दुसरा कप मिळाला. मॅडमनी हळूच विषय काढला, "पण नंदूभाऊ, ते आठ दिवस आहेत हो रजिस्टरात. आता आजी तर आहेत. मग मी कारण काय लिहू? कावळा बसला, असं लिहू?"

आणि सगळे हसले. पप्पा हसले, मम्मी हसली, आशाबाई तर खो-खो हसली. आपली परीक्षा चालली आहे आणि हे लोक कावळ्यावर हसताहेत, हे पाहून तृप्तीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कावळा माझ्या डोक्यावर बसलाय!" ती ओरडली.

हसणं जागच्या जागी थांबलं.

"कुणी मेलं नाही मॅडम. मामा नाही, मावशी नाही, कुणीच नाही. मला थॅलेसेमिया आहे. मला रक्त लागतं. आठ दिवस मी जळगावच्या दवाखान्यात पडली होती, आणि हे तिथून तुम्हाला फोन करत होते." तिने दोन्ही बाह्या वर सारल्या. काळ्यानिळ्या डागांनी भरलेले हात तिने मॅडमच्या चहाच्या कपासमोर धरले. "हे लिहा रजिस्टरात."

"तृप्ती, आत जा," नंदकुमार म्हणाले. "तिला अजून ताप आहे मॅडम, ती..."

"नाही जाणार. बहुत झालं पप्पा. सगळे मारून झाले तुमचे. पुढच्या वेळी मला मारा. सांगा, तृप्ती गेली. मग हजेरीची झंझटच नाही!"

"तोंड आवर," मंगला म्हणाली. नंदकुमारांचा हात वर गेला. तृप्तीच्या उभ्या आयुष्यात त्यांनी तिच्यावर हात उगारला नव्हता. तो हात हवेत राहिला, मग खाली आला, आणि त्या हाताचं काय करावं हे न सुचून त्यांनी तो स्वतःच्या खिशात घातला.

"ताईचं लग्न मोडेल म्हणता ना? मोडू दे. आज मोडू दे," तृप्ती म्हणाली. "आण ताई तुझा फोन. मीच सांगते समाधान जिजूंना."

वैशाली कोपऱ्यात उभी होती. तिने फोन छातीशी धरला.

"नको लावू."

"का? भीती वाटते?"

"त्यांना माहीत आहे," वैशाली म्हणाली.

बाहेर रिक्षावाल्याने उगाच हॉर्न वाजवला.

"साखरपुड्याच्या आधीच मी सांगितलं होतं. मी आणि माझी मैत्रीण शीतल जाऊन माझं रक्त तपासून आलो. त्यांनीही तपासलं. त्यांच्यात काही नाही. ते म्हणाले, मला चालतं, पण माझ्या घरी नको कळू देऊ, म्हातारे उगाच मोडतील. म्हणून मी गप्प बसली."

"आणि मला नाही सांगितलंस?" नंदकुमार म्हणाले.

"तुम्ही घरात त्या आजाराचं नाव तरी घेऊ देत होता का, पप्पा?"

धुरपदाबाईने काठी जमिनीवर टेकवली. "निंबोल्यात बी माहीत हाये समद्यायले," ती म्हणाली. "पोरगी पिवळी पडते, दर महिन्याले गाडीत बसते. लोकायले डोळे नाहीत काय? कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटाचं राह्यते?"

तृप्तीने मॅडमकडे पाहिलं. मॅडम कपात पाहत होत्या.

"तुम्हालाही?"

"अंदाज होता बेटा," ज्योत्स्ना मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "गेल्या वर्षीपासून. मी बायोलॉजी शिकवते ना. पण पोरीचं घर, विचारायचं कसं? म्हणून तर तुला म्हटलं होतं, बीमारीचा कागद असला तर..."

"आणि तरी ॲबसेंट मांडत राहिलात?"

"कागद नव्हता, बेटा."

नंदकुमार खाली सतरंजीवर बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले. "मग सगळ्यांनाच माहीत होतं," ते म्हणाले, "तर मी इतके दिवस कुणापासून लपवत होतो?"

"लपवत नव्हतात," तृप्ती म्हणाली. "माझी शाळा बुडवत होतात. बस, इतकंच करत होतात."

वैशाली रडत होती. एरवी ताई रडली की तृप्ती आधी तिच्याजवळ जायची. आज गेली नाही. ताईचा राग येत होता, मॅडमचा येत होता, आजीचा येत होता, आणि आशाबाईचासुद्धा येत होता, जिचा काडीचा संबंध नव्हता. एकाने बोलायचा अवकाश होता. एकाने, एकदा. सगळे एकमेकांची अब्रू सांभाळत बसले, आणि त्या सांभाळण्यात तिचे तास गेले, प्रयोग गेले, बेडूक चिरायचा होता तो दिवस गेला, मैत्रिणींबरोबरची असीरगडची सहल गेली.

"फाइल काढ मम्मी," ती म्हणाली.

मंगला नवऱ्याकडे बघत राहिली. नंदकुमारांनी मान वर केली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. मंगला आत गेली. फाइल वैशालीच्या लग्नाच्या साड्यांच्या तळाशी, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेली होती. ती तृप्तीच्या हातात देताना आईने तिच्या हातावरची चिकटपट्टी अंगठ्याने हळूच सारखी केली.

सोमवारी तृप्ती ती फाइल अभ्र्याशिवाय, उघडी हातात धरून राजपुऱ्यातून चालत शाळेत गेली. तिने मुद्दाम रिक्षा केली नाही. ज्याला बघायचं त्याने बघावं. ऑफिसात तुषार बाबूने वरचे दोन कागद पाहिले, जळगावच्या डॉक्टरांनी सकाळीच फोनवर पाठवलेलं सर्टिफिकेट पाहिलं, आणि चष्म्यावरून म्हणाला, "बस, इतनाच? हे पहिलेच द्यायचं ना, बेटी. मी तर कधीचंच सरांकडे पाठवलं असतं."

तृप्तीला वाटलं, टेबलावरचा शिक्का उचलून त्याच्या कपाळावर मारावा. पण तुषार बाबूचा दोष तरी काय? ज्या राक्षसाच्या भीतीने ती इतकी वर्षं तोंड गुंडाळून रावेर ओलांडत होती, तो हा असा होता. त्याच्या डब्यात मेथीची भाजी होती आणि त्याला सर्दी झाली होती. ती "थँक्यू" म्हणाली आणि बाहेर येऊन नळाखाली तोंड धरून उभी राहिली.

प्रिन्सिपल सरांनी सूट दिली, पण अट घातली: परीक्षेपर्यंत आता एकही पूर्ण दिवस बुडता कामा नये. म्हणजे जळगाव बंद. पुढची खेप आली तेव्हा नंदकुमार आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तृप्तीला नेऊन नमुना देऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता मुलीला घेऊन बऱ्हाणपूरच्याच दवाखान्यात गेले. तृप्ती शाळेच्या गणवेशात होती. दप्तर बरोबर होतं. दवाखान्याच्या दाराशी पप्पांनी सवयीने खिशातून रुमाल काढला, तोंडापर्यंत नेला. तृप्तीने नुसतं पाहिलं. त्यांनी त्या रुमालाने कपाळ पुसलं आणि तो परत ठेवला.

"मूठ आवळ," नर्स म्हणाली. शीर सापडली. रक्त उतरू लागलं. समोरच्या पलंगावर दुकानाचं एक गिऱ्हाईक आपल्या म्हाताऱ्या वडिलांजवळ बसलं होतं. त्याने पाहिलं, ओळखलं, मान हलवली. "काय नंदूभाऊ, पोरीला रक्त? आमच्या बाबाला पण लागतं." आणि परत मोबाईलमध्ये डोकं घातलं. इतकंच झालं. आभाळ कोसळलं नाही.

नंदकुमार स्टुलावर बसले होते. खिडकी उघडी होती. मग बाहेरून घंटा वाजली. लोखंडाच्या तुकड्यावर हातोडी पडल्याचा आवाज, लांबलेला, ओळखीचा. तृप्तीने मान वळवली.

"ही कसली घंटा?" नंदकुमारांनी विचारलं.

"आशाबाई. दुसरा तास सुटला."

"तुमच्या शाळेची?"

"हो."

ते उठून खिडकीपाशी गेले. घरांच्या पत्र्यांच्या पलीकडे शाळेची पिवळी भिंत दिसत होती. मैदानातल्या पोरींचा गलकाही ऐकू येत होता. नंदकुमार गज धरून तिथेच उभे राहिले.

"इतकी जवळ आहे," ते म्हणाले.

"इतकीच जवळ होती, पप्पा. पहिल्यापासून."

त्यांचे खांदे हलायला लागले. तृप्तीने पाहिलं. एरवी तिने हाक मारली असती, 'पप्पा, पाणी द्या' असं काहीतरी म्हणून त्यांना सोडवलं असतं. या वेळी तिने सोडवलं नाही. रडू दे. आजीच्या मरणाला आजीसुद्धा रडली, मग तिच्या बुडालेल्या शाळेसाठी एकाने तरी रडायला नको का?

थोड्या वेळाने ते तोंड पुसून परत आले आणि पिशवीत किती रक्त उरलं आहे ते पाहू लागले. "पाचव्या तासाला पोचशील का?"

"पोचवाल तर पोचेन," ती म्हणाली, आणि मोकळ्या हाताने तिने दप्तरातून बायोलॉजीचं पुस्तक ओढलं.